कादंबरीतले हात आणि वाकळीचे टाके

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, अंगणवाडीत मदतनीस आहे. दुपारी पोरं घरी गेली की मला दोन नाद आहेत, एक वाचायचा आणि एक शिवायचा. वाचन काही अभ्यासाचं नाही. गावात ड वर्गाचं वाचनालय आहे, एक खोली नि तीन कपाटं. हाताला लागेल ते पुस्तक आणते. बऱ्याच पुस्तकांची शेवटची पानं उसवून गेलेली असतात, मग पुढं काय झालं ते कुणाला तरी विचारावं लागतं.

यंदा उन्हाळ्यात भाची नागपूरहून आली तेव्हा क्विल्टिंगची दोन इंग्रजी पुस्तकं घेऊन आली. क्विल्ट म्हणजे आपली वाकळच गं मामी, असं म्हणाली. माझं इंग्रजी बारावीपुरतं, पण आकडे आणि आकृत्या समजतात. त्याच पंधरवड्यात मी वाचनालयातून उद्धव शेळके यांची 'धग' आणली होती. बाजेवर उशाशी 'धग' आणि पायथ्याशी ही दोन पुस्तकं, असं चाललं होतं. दोन्ही एकदम वाचल्यामुळं जे मनात आलं ते इथं मांडते.

मला वाचताना एक सवय आहे. गोष्टीत कुणी काम करायला लागलं की मी थांबते आणि ते काम मनात करून पाहते. बाई कापूस वेचते असं लिहिलं असेल, तर वाळलेल्या बोंडाचं टोक तिच्या नखाच्या कडेला टोचतं का, ओटी भरत आली की कंबर ओढली जाते का, सकाळच्या दवातला कापूस वजनाला जास्त भरतो हे तिला ठाऊक आहे का, ते मी बघते. यातलं काहीच नसेल तर लिहिणारा धुऱ्यावर उभा राहून बघत होता, वावरात उतरला नाही, असं वाटतं. मग पुढचं त्यानं कितीही चांगलं लिहिलं तरी माझा त्याच्यावर विश्वास बसत नाही.

'धग' १९६० सालची आहे. कौतिकचा नवरा महादेव शिंपी. शिंप्याचं घर म्हणून मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचली. धंद्यात त्याचं मन लागत नाही, पुढं त्याला महारोग होतो आणि सगळा संसार कौतिकच्या अंगावर येतो. त्यातली बोली वाचताना मला माझ्या आजीचा आवाज ऐकू येत होता. पण त्याहून मला हे आवडलं की कौतिक रिकामी बसत नाही आणि लेखक तिचं काम उरकून टाकत नाही. गरिबी, गरिबी असं त्यांनी कुठं म्हटलेलं नाही. तिच्या दिवसभराच्या धडपडीतूनच ती कळते. मला वाचता वाचता दोनदा पुस्तक पालथं ठेवून बाहेर ओसरीवर जाऊन बसावं लागलं.

आता क्विल्टिंगचं पुस्तक. पहिलं प्रकरण खरेदीचंच. फिरत्या पात्याचं कटर, त्याच्याखाली घालायची हिरवी चटई, आरपार दिसणारी पट्टी आणि मग कापड. १८ बाय २२ इंचांचे नवे कोरे तुकडे विकत मिळतात, त्यांना फॅट क्वार्टर म्हणतात. म्हणजे नवं कापड आणायचं, कापायचं आणि पुन्हा जोडायचं! मला ते पटेना. आमच्याकडं लुगडं आधी अंगावर झिजतं, मग त्याला दांड घालून आणखी दोन वर्षं नेसतात, मग त्याची फडकी होतात, आणि त्यातून चांगलं उरेल ते वाकळीत जातं. जुनेराला मऊपणा येतो तो शंभर धुण्यांनी. विकत कुठं मिळेल तो? दोन दिवस मी ते पुस्तक उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी उघडलं आणि मी घाई केली होती असं लक्षात आलं. पाव इंच शिलाई कशी धरायची यावर त्यात चार पानं आहेत. एका जोडात इंचाचा सोळावा भाग चुकला तर सोळा जोडांत पुरा एक इंच जातो. माझ्या प्रत्येक वाकळीचा एक कोपरा पळतो, आणि तो का पळतो ते मला पंचवीस वर्षांनी त्या पानावर कळलं. ही चार पानं लिहिणारी बाई स्वतः कैक गोधड्या उसवून बसली असणार. उसवल्याशिवाय असं सुचत नाही.

त्यात लॉग केबिन नावाचा नमुना आहे. मधे लहान चौकोन, त्याच्या चारी बाजूंनी पट्ट्या लावत जायच्या, लाकडाचे ओंडके रचून घर बांधतात तशा. मधला चौकोन परंपरेनं लाल, कारण ती घरातली चूल. दोन बाजूंच्या पट्ट्या फिक्या, उरलेल्या दोन बाजूंच्या गडद, म्हणजे चुलीचा उजेड आणि सावली. हे वाचलं आणि मी लगेच जुन्या कपड्यांचं बोचकं खाली काढलं. फिक्या पट्ट्यांसाठी माझ्या सासऱ्यांचं धोतर होतं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. लाल कापड घरात नव्हतं म्हणून शहरातल्या एका दुकानातून अर्धा मीटर आणलं. रंग पक्का आहे असं सांगितलं होतं. पहिल्याच धुण्यात लाल सुटला आणि धोतराच्या पट्ट्या गुलाबी झाल्या. आमचा सगळा खारपाणपट्टा, पाण्यात साबणाला फेस येत नाही. मी घासत राहिले तसा डाग आणखी पसरला. मला तिथंच मोरीवर रडू आलं.

तर माझं विचारणं असं आहे. ज्यात हाताचं काम खरं उतरलंय अशी पुस्तकं तुम्हाला कोणती वाटली? आणि वाकळीविषयी तुमच्या घरात काय रीत आहे, काय शब्द आहेत? आणि या गुलाबी डागाचं काय करू?


सातपुडा

ताई, फार मनापासून लिहिलंत. मी परतवाड्याकडचा, शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. गो. नी. दांडेकरांचा जन्म आमच्या परतवाड्याचाच, १९१६ सालचा. त्यांची 'पूर्णामायची लेकरं' वाचली नसेल तर ती आधी मिळवा. तुमच्याच नदीचं पुस्तक आहे आणि वऱ्हाडी बोलीत आहे.

तुमची कसोटी मला आवडली, पण ती एकटीच लावू नका असं सांगावंसं वाटतं. सदानंद देशमुख यांची 'बारोमास' घ्या. २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे, पार्श्वभूमी बुलडाण्याकडची. एकनाथ शिकलेला, नोकरी लागत नाही, शेती पुरत नाही, बायको अलका माहेरी निघून जाते. त्यात शेतीची कामं आहेतच, पण मला जास्त लागलं ते काम करूनही काही हाती येत नाही ते. माझ्या वर्गातून असे कितीतरी एकनाथ बाहेर पडले, त्यांचे चेहरे मला आठवले. रिकाम्या हातांविषयी लिहिणंही तितकंच अवघड असतं, ताई.


कपाशीचं फूल

मी घाटंजीची. काकू, आधी डागाचं सांगते. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग बसतो असं सगळ्या सांगतात, पण हल्लीच्या बाजारातल्या कापडाला त्याचा उपयोग होत नाही. पुढच्या वेळी कापडाच्या कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं ठेवून त्यावरून गरम इस्त्री दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर ते कापड वाकळीत घालूच नका. आणि सुटलेला रंग दिसला की पांढरं कापड वाळू द्यायचं नाही, त्याच घडीला भरपूर गार पाण्यात टाकायचं, पाणी बदलत राहायचं. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर सगळ्यात बरं. वाळून गेलेला डाग मात्र सहसा निघत नाही. वाईट वाटतं सांगायला.

माझी माय दरवर्षी चैत्र-वैशाखात वाकळ घ्यायची. कापूस निघून गेलेला, पेरणीला वेळ, तेवढीच फुरसत. पाचवारी पातळ साधारण साडेपाच मीटर लांब. ते मधोमध फाडलं की पावणेतीन मीटरचे दोन तुकडे होतात, ते लांबीला जोडले की दोन माणसांची वाकळ. एकट्यापुरती हवी तर नुसती मधोमध घडी. खालचा आणि वरचा पदर अखंड साडीचा, आणि पोटात काहीही चालतं. बाबांचे शर्ट, पोरांचे गणवेश, फाटकी चादर. खिसे आणि बटणं मात्र आधी काढायची. एकदा एक बटण राहून गेलं होतं, रात्रभर ते भावाच्या बरगडीला रुतलं.

कापूस भरायचा का, तर आमच्याकडं वाकळीत नाही भरत, तो गादीत आणि रजईत. घरच्या शेतातला असला तरी नाही. कापूस सरकतो, टाके लांब असले की त्याचे गोळे होतात. इंग्रजी पुस्तकांत बॅटिंगवर, म्हणजे पोटात भरायच्या थरावर, टाक्यांमधलं अंतर किती चालेल ते लिहिलेलं असतं ते याचसाठी.


पोळ्याची झूल

मी बाळापूर तालुक्यातला, वय २६. धागा वाचून राहवलं नाही. सगळे बायांच्या हाताचंच सांगताहेत, पण माझे बाबा झूल शिवायचे. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालायची झूल. खाली पोत्याचं तरट, मधे जुनी चादर, वर रंगीत कापड, आणि दाभणानं जाडा दोरा. रोजच्या कामात पोती शिवून हात तयार झालेला. पोळ्याच्या आठ दिवस आधी ओसरीत बसायचे. बैलाला वशिंड असतं म्हणून झूल सपाट शिवून चालत नाही, तिथं कापडाला थोडी ढील द्यावी लागते. ती ढील ते बैलाच्या पाठीवर तरट टाकून, हातानं चाचपून ठरवायचे. माप कधी घेतलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही जोडी विकली. ट्रॅक्टर भाड्यानं घेतो. झूल पेटीत आहे. मी कादंबऱ्या फार वाचल्या नाहीत, पण असं काही लिहिलेलं सापडलं तर मला वाचायचंय.


मूळची वणीची

ताई, मी गेली बारा वर्षं पुण्यात आहे, पण पांघरायला आईचीच वाकळ लागते. तुम्ही कादंबरी आणि गोधडी एकत्र आणलीत म्हणून एक पुस्तक सांगते. मार्गारेट अॅटवुड या कॅनडाच्या लेखिकेची 'एलियस ग्रेस', १९९६ची. १८४३ साली कॅनडात झालेल्या एका खऱ्या खून प्रकरणावर आहे. ग्रेस ही सोळा वर्षांची मोलकरीण, तिला जन्मठेप होते. कादंबरीच्या प्रत्येक भागाला गोधडीच्या एकेका नमुन्याचं नाव दिलंय, आणि ग्रेस डॉक्टरशी बोलताना सतत काहीतरी शिवत असते. दुसऱ्याच्या घरासाठी शिवते, स्वतःसाठी नाही.

शेवटी सुटून आल्यावर ती आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी गोधडी करायला घेते. तिच्यात तीन तुकडे मुद्दाम घालते. एक तिच्या मेलेल्या मैत्रिणीच्या परकराचा, एक स्वतःच्या तुरुंगातल्या झोपायच्या कपड्याचा, आणि एक जिचा खून झाला तिच्या झग्याचा. मी ते पान वाचलं तेव्हा आईची वाकळ अंगावर होती. तिच्यात आजोबांचा गांधी टोपीचा पांढरा तुकडा कुठं आहे, ताईच्या पहिल्या फ्रॉकचा कुठं, ते मला अंधारात बोटांनी सापडतं. तुम्ही म्हणता ते हाताचं काम तर त्या पुस्तकात आहेच. शिवाय कापड कुणाचं, हाही प्रश्न आहे. तुमच्या सासऱ्यांच्या धोतराचं वाचून तेच आठवलं.

पाश्चात्त्य बायका सगळ्या नवंच कापड घेतात असं मात्र नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका शेतात घालून विटलेल्या विजारी आणि कामाचे कपडे फाडून गोधड्या करायच्या, कारण घरं गार आणि दुसरं काही नव्हतं. त्या गोधड्या पुढं मोठ्या संग्रहालयांत लागल्या, २००६ साली त्यांची टपाल तिकिटंही निघाली. त्यांचे फोटो पाहिले तेव्हा मला क्षणभर आमच्या वाड्यातली वलणीवर वाळत घातलेली वाकळ वाटली.


सातपुडा

वणीच्या ताईंमुळं आठवलं. बंगालीत जसीमउद्दीन यांचं 'नक्षी काँथार माठ' हे १९२९चं कथाकाव्य आहे. त्यातली साजू आपल्या संसाराची सगळी कहाणी काँथ्यावर, म्हणजे तिकडच्या गोधडीवर, टाक्यांनी भरते आणि आपल्या कबरीवर ती पांघरायला सांगते.

झूलवाल्या भाऊ, तुमच्या बाबांची ती ढील द्यायची रीत लिहून ठेवा. माझ्या पाहण्यात ती कुठं लिहिलेली नाही.


पूर्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस इथं आले नाही कारण मधे बरंच घडलं.

लाल चौकोन उसवला. त्याच्या जागी माझ्याच जुन्या खणाच्या चोळीचा तुकडा घातला, तो चाळीस वेळा धुतलेला, आता त्यातून काही सुटायचं नाही. कपाशीच्या ताईंनी सांगितल्यासारखं ओल्या फडक्यावर इस्त्री फिरवूनही पाहिली, फडकं पांढरंच राहिलं. धोतराच्या पट्ट्या गुलाबी आहेत त्या आहेत. त्या काढल्या तर सासऱ्यांचं दुसरं काही शिल्लक नाही, म्हणून ठेवल्या.

खरी गंमत पुढं आली. वरचा पदर तयार झाला, थर अंथरले, आणि मी पुस्तकाप्रमाणं मधून शिवायला सुरुवात केली. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की टाके मध्यातून बाहेर न्यायचे, नाहीतर कापड मधे गोळा होतं. तेवढ्यात आमच्या चुलत सासूबाई आल्या, सगळं गाव त्यांना आत्या म्हणतं. वय ऐंशीच्या पुढं. पाहिलं आणि म्हणाल्या, "अवं माय, हे कायचं वं? वाकय कडीकडीनं शिवाव."

मी पुस्तक दाखवलं, आकृती दाखवली. मधे फुगेल असं सांगितलं. "फुगन कायले? आंधी टाचून घेतली का नाई?"

मी टाचलं होतं, पण वीतभर अंतरानं. त्यांनी ते सगळं उसवायला लावलं. चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन विटा ठेवल्या. मग स्वतः गुडघ्यावर बसून तळहातानं मधून कडेकडे कापड सारत गेल्या, भाकर थापल्यासारखं, आणि जिथं हात थांबला तिथं टाच. चार चार बोटांवर. अर्धा तास त्यातच गेला. म्हणजे पुस्तक जे टाक्यांनी करायला सांगतं ते आत्या शिवायच्या आधी तळहातानं करून घेतात. मग कडेपासून धावदोरा, कोपऱ्यावर सुई वळवायची, दोन बोटं आत सरकायचं आणि पुन्हा फेरा. चौकटीत चौकट.

मी विचारलं, पण मधूनच का नाही? तर त्यांनी मला धरून वाकळीच्या एका कडेला बसवलं, समोरच्या कडेला माझ्या जावेला, आणि स्वतः तिसऱ्या कडेला बसल्या. चौथी कड रिकामी होती, तिथं शेजारच्या काकूंना हाक मारली. मला तेव्हा कळलं. पुस्तकातली बाई एकटी शिवते, गोल चौकटीत कापड ताणून, खुर्चीवर बसून. आमची वाकळ चौघी शिवतात, आणि चौघींना बसायला चार कडाच आहेत. मधून सुरुवात केली तर वाकळीवर चढून बसावं लागेल.

दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत असं माझं मत झालंय. पण आपली रीत कुठल्या पुस्तकात मापासकट, कारणासकट लिहिलेली मला मिळाली नाही, याचं वाईट वाटतं. आत्यांना कुणी विचारलं नाही तर हे त्यांच्याबरोबर जाईल. मी वहीत लिहायला घेतलंय. इथंही टाकत जाईन, तुम्ही दुरुस्त करा.


कपाशीचं फूल

काकू, नक्की टाका. एक विचारायचं होतं. आता घरात सुती पातळं निघतच नाहीत, सगळ्या सिंथेटिक साड्या. त्यांची वाकळ करावी का? माझी दोनदा बिघडली, थर एकमेकांवरून घसरतात.


पूर्णाकाठ

करावी, पण वरखाली दोन्हीकडं सिंथेटिक नको. अंगाकडच्या बाजूला सुती धोतर किंवा जुनी चादर घाल, नाहीतर घाम टिपत नाही आणि उन्हाळ्यात चिकटते. पोटातही सुतीच, म्हणजे घसरत नाही. आणि टाच आत्यांच्या मापानं, चार बोटांवर. सुई बारीक घे. पाकिटावरचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे त्या इंग्रजी पुस्तकानंच मला सांगितलं. जाड सुईनं सिंथेटिक कापडात भोकं दिसतात.

आता एक माझं काम आहे. चौघी शिवायला बसलो तेव्हा आत्या म्हणाल्या, तोंड रिकामं आहे तर काही वाचून दाखव. जावेच्या मुलीनं 'धग' वाचायला घेतली, आम्ही शिवत होतो. रोज दुपारी दीड तास. आत्यांना लिहितावाचता येत नाही, पण त्यांनी वाचन तीनदा थांबवलं, "कौतिकचं माहेर कोन्तं?" हे विचारायला. पुढं महादेवचा आजार आला तेव्हा सुई तशीच कापडात धरून बसल्या, बराच वेळ टाका घातला नाही.

काल आम्ही पानं संपवली, पण पुस्तक संपलं नाही. आमच्या प्रतीची शेवटची पानं गेलेली आहेत. वाकळीचे अजून पाच फेरे बाकी आहेत आणि आत्या सकाळपासून दोनदा विचारून गेल्या की त्या पोराचं, नामाचं पुढं काय झालं. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर इथं सांगू नका. आत्यांना ते ऐकायचंय, मला सांगता यायचं नाही. कुणाकडं पुस्तकाची पुरी प्रत आहे का?


सातपुडा

माझ्याकडं आहे ताई. शनिवारी कामासाठी दर्यापूरला येतोय, येताना सोबत आणतो. बसस्टँडवर कुणाला तरी पाठवा. वाकळ पुरी होईपर्यंत ठेवून घ्या.